किट बसवायचं नाही: बाबांच्या स्टीरिओला फोन जोडताना

महाराणी रोडवरच्या दुकानदाराने अ‍ॅम्प्लिफायरचा फोटो एकदाच पाहिला आणि उपाय सांगून टाकला. "दीदी, किट डलवा लो. ब्लूटूथ, यूएसबी, एफएम, रिमोट, सब आ जाएगा. आगे से थोड़ा काटके फिट कर देंगे, पता भी नहीं चलेगा." पुढून कापणार आणि पत्ताही लागणार नाही, हे दोन्ही एका दमात म्हणायला इंदूरचाच दुकानदार हवा.

ते किट बहुतेकांनी पाहिलेलं असतं. लाल किंवा निळे आकडे दाखवणारी बोटभर लांबीची पट्टी, मागे छोटासा सर्किट बोर्ड, त्यातून निघणाऱ्या चार-पाच तारा. जुन्या कॅसेट डेकमध्ये, होम थिएटरमध्ये, अगदी लाकडी रेडिओतसुद्धा ते खुपसलेलं दिसतं. माझा त्याला विरोध जुन्या वस्तूच्या मायेपोटी नव्हता. किटला लागणारे पाच किंवा बारा व्होल्ट अ‍ॅम्प्लिफायरच्याच पॉवर सप्लायमधून काढतात. मग ब्लूटूथच्या चिपची डिजिटल किरकिर आणि गाण्याचा नाजूक सिग्नल एकाच ग्राउंडवर नांदायला लागतात, आणि दोन स्वरांमधल्या शांततेत बारीक चिरचिर ऐकू येते. शिवाय ब्लूटूथ दर काही वर्षांनी नवं होतं. किट जुनं झालं की ते काढता येतं, पुढच्या पट्टीला पाडलेलं भोक काढता येत नाही. म्हणून मी पहिल्याच दिवशी ठरवलं की जे काही नवीन येईल ते डब्याच्या बाहेर राहील आणि आत होईल ती फक्त दुरुस्ती.

सेट देशी बनावटीचा. बाबांनी १९७९ साली घेतलेला. पुढे अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आणि घट्ट फिरणारी बटणं, सोबत सागवानी व्हिनिअरचे दोन स्पीकर आणि एक रेकॉर्ड प्लेअर. रामबागेतल्या आमच्या घरात त्याच्यावर अमीर खाँसाहेब, कुमारजी आणि नाट्यगीतं एवढंच वाजायचं. पुढे सुई झिजली, कॅसेटी आतून चिकटल्या आणि सेटवर फुलदाणी आली. बाबा मात्र गाणं ऐकतच राहिले, फोनच्या रुपयाएवढ्या स्पीकरवर. त्यात तानपुरा ऐकूच येत नाही आणि खर्जाचा फक्त अंदाज करावा लागतो. हे मला बघवत नव्हतं.

जोडाजोडीच्या आधी सेट धड आहे का ते पाहणं भाग होतं. वर्षानुवर्षं बंद असलेला अ‍ॅम्प्लिफायर थेट भिंतीतल्या प्लगमध्ये लावू नये. आतले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वाळलेले असतात आणि एकदम पूर्ण दाब आला तर ते स्वतः जातात, जाताना ट्रान्झिस्टरही नेतात. वाल्वच्या काळापासून रेडिओ दुरुस्त करणारे एक मराठी काका अजून काम घेतात असं कळलं, त्यांच्याकडे सेट नेला. काकांनी तो सिरीजच्या बोर्डावर लावला. हा बोर्ड म्हणजे वाटेत शंभर वॉटचा साधा तारेचा बल्ब. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि सगळा मार तो खातो. सेट ठीक असेल तर क्षणभर उजळून मंद होतो. आमचा बल्ब उजळला, मंदावला आणि मंदच राहिला. काका म्हणाले, "ताई, ट्रान्सफॉर्मर आणि आउटपुट शाबूत आहेत. बाकीचं होईल."

बाकीचं म्हणजे पॉवर सप्लायचे दोन मोठे कंडेन्सर. आवाज शून्यावर ठेवला तरी स्पीकरमधून सतत घुऽऽ येत होतं, आणि व्हॉल्यूम कमी-जास्त केला तरी ते बदलत नव्हतं. व्हॉल्यूमच्या बटणाला दाद न देणारी घरघर ही जवळपास नेहमी पॉवर सप्लायची असते, हे मी काकांकडून शिकले. कंडेन्सर बदलल्यावर ती गेली. व्हॉल्यूम आणि बॅलन्सच्या बटणांची खरखर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून, बटण वीस-पंचवीस वेळा इकडून तिकडे फिरवून घालवली. गंज सोडवायचं तेल त्या कार्बनच्या पट्टीवर मारू नका. त्या दिवशी बरं वाटतं, पण तेलकटपणावर धूळ बसते. मागे व्होल्टेजचा खटका होता, २२० आणि २४० असा. आमच्याकडे रात्री मीटर २४० च्या वर दाखवतं, म्हणून खटका २४० वर गेला. परदेशातून आलेल्या सेटवर हाच खटका ११० वर असू शकतो. तसा सेट न बघता लावला तर पुढचं वाचायची गरज उरणार नाही.

आता मागची बाजू. तिथे आजच्यासारखी लाल-पांढरी आरसीए भोकं नव्हती. होती ती गोल, पाच पिनांची डिन सॉकेटं. जर्मन मानकाची ही पद्धत युरोपी सेटवर सर्रास असे आणि आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्यांनी तीच उचलली. तीन सॉकेटं, तिघांवर पुसट अक्षरं: पीयू, ट्यूनर, टेप. तिन्हींत एकच प्लग बसतो, म्हणून तिन्ही सारखी वाटतात. तशी ती नसतात.

पीयू म्हणजे पिकअप, रेकॉर्ड प्लेअरची जागा. इथे पहिला प्रश्न येतो की प्लेअर कुठल्या जातीचा आहे. कार्ट्रिज म्हणजे सुई धरणारा आणि तिच्या थरथरीचा सिग्नल करणारा तुकडा. तो मॅग्नेटिक असेल तर सुईकडून येणारा सिग्नल जेमतेम तीन ते पाच मिलिव्होल्टचा असतो, आणि सॉकेटमागचं सर्किट तो प्रचंड वाढवतं. वर आरआयएएची, म्हणजे रेकॉर्ड उद्योगाच्या ठरलेल्या मानकाची, दुरुस्तीही करतं. रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला आणि तार स्वर उचललेले असतात. हे सर्किट ते उलटं करतं, वीस हर्ट्झला वीसएक डेसिबल चढवतं आणि वीस हजारला तेवढेच उतरवतं. फोनमधून निघतो साधारण एक व्होल्ट, म्हणजे त्या सुईच्या दोनशे पट. तो तिथे घालणं म्हणजे कुजबूज ऐकायला पुढे झालेल्या माणसाच्या कानात बोंब मारणं. आवाज फाटतो आणि जो उरतो तो नुसता ढमढमतो. पण आपल्याकडचे घरगुती प्लेअर बरेचसे सिरॅमिक किंवा क्रिस्टल कार्ट्रिजचे असत. ते आपणहून शंभरेक मिलिव्होल्ट आणि त्याहून जास्त देतात, त्यांना आरआयएएची स्वतंत्र दुरुस्ती लागत नाही, आणि त्यांच्यासाठी केलेलं पीयू सॉकेट फोनला चालूनही जातं. फोनो इनपुटला फोन कधीच लावू नका, हा सल्ला म्हणूनच आपल्या सेटना सरसकट लागू नाही. आमचं सॉकेट सिरॅमिकचंच निघालं. तरी ते मी रेकॉर्ड प्लेअरसाठी राखलं, कारण त्याला नवी सुई मिळाली की ते लागणारच आहे.

फोनची जागा टेप. टेपच्या पाच पिनांतून दोन रस्ते जातात. १ आणि ४ या पिनांतून सिग्नल अ‍ॅम्प्लिफायरमधून बाहेर, रेकॉर्ड करायला टेपकडे जातो. ३ आणि ५ मधून तो टेपकडून आत येतो, ३ डावा आणि ५ उजवा. मधली २ नंबरची ग्राउंड. कमानीत पिना ओळीने १, ४, २, ५, ३ अशा लागतात. हा क्रम पाहून प्रत्येकजण आधी गोंधळतो. प्लगच्या आत पिनांजवळ बारीक आकडे कोरलेले असतात, भिंग घेऊन तेच वाचावेत.

तयार लीड आणायला जेल रोडवर गेले. पाच पिनांची लीड लगेच मिळाली, पण ती मिडीची होती, कीबोर्डवाल्यांची. प्लग तोच, सॉकेटमध्ये बसतोही झकास, पण मिडीला कामाच्या पिना ४ आणि ५, आणि २ ला जाळी. १ आणि ३ बहुतेक लीडमध्ये जोडलेल्याच नसतात. म्हणजे आमच्या टेप सॉकेटमध्ये एकच कान वाजला असता. मल्टिमीटर पिशवीतच होतं, तार जोडलेली असेल तर वाजणारी त्याची बीप लावून दुकानातच दाखवलं. दुकानदार म्हणाला, "अपने को क्या पता, भिया लोग तो यही ले जाते हैं." डिनच्या दुसऱ्या टोकाला दोन आरसीए अशाही तयार लीड मिळतात. त्यांतल्या काही ३-५ ला जोडलेल्या असतात, काही १-४ ला. चुकीची घेतली तर फोन बाहेर जायच्या रस्त्यावर उलटा शिरतो आणि काहीच वाजत नाही, किंवा कुठून तरी पुसट येतं.

शेवटी सुटे प्लग घेतले आणि लीड घरीच केली. पाच पिनांचा डिन प्लग सोल्डर करणं नाजूक काम आहे. पिना प्लास्टिकच्या चकतीत रोवलेल्या असतात. सोल्डरिंग आयर्न जरा जास्त टेकलं की प्लास्टिक मऊ पडतं आणि पिन तिरकी होते, मग प्लग सॉकेटमध्ये जातच नाही. त्यावर काकांची युक्ती अशी की एक फालतू सॉकेट घ्यायचं, प्लग त्यात खोचायचा आणि मग सोल्डर करायचं. पिना सॉकेटच्या पकडीत सरळ राहतात आणि थोडी उष्णताही तिकडे निघून जाते. आधी पिनेच्या खोबणीत सोल्डरचा थेंब भरून घ्यायचा, तारेच्या टोकालाही सोल्डर पाजायचं, मग दोन्ही टेकवून क्षणभर आयर्न लावायचं आणि उचलायचं. वायर जाळीवाली, म्हणजे शिल्डेडच. जाळी पिळून २ नंबरला. प्लगचं कव्हर आधीच तारेत ओवून ठेवायचं. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. दुसऱ्या टोकाला मी प्लग न लावता दोन आरसीए सॉकेट लावली, पांढरं डावं, लाल उजवं. ही वीतभर शेपटी कायम अ‍ॅम्प्लिफायरला लागलेली असते. नव्या जगातलं जे काही येईल ते त्या दोन भोकांत येतं, आणि जुन्या सॉकेटला पुन्हा हात लावावा लागत नाही.

पहिलं वाजवून पाहिलं ते तारेनेच. बाबांच्या फोनला हेडफोनचं भोक आहे. माझ्याला नाही. अ‍ॅपलने २०१६ साली आयफोन ७ मधून ते काढलं, मग एकेकाने काढलं. त्यासाठी टाइप-सीचं डोंगल लागतं. आत डॅक असलेलं घ्यावं, म्हणजे डिजिटलचा आवाज करणारी चिप डोंगलमध्येच असते. काही स्वस्त डोंगल नुसती तार असतात आणि काही ठरावीक फोनवरच चालतात. फोनचा आवाज ऐंशी-नव्वद टक्क्यांवर ठेवायचा आणि बाकी कमी-जास्त अ‍ॅम्प्लिफायरवर करायचं. उलटं केलं, म्हणजे फोन बारीक आणि अ‍ॅम्प्लिफायर मोठा, तर गाण्याबरोबर जुन्या सर्किटची सळसळही मोठी होते.

वाजवायला बाबांनी अमीर खाँसाहेबांचा मारवा सांगितला. ते ध्वनिमुद्रण मोनो आहे आणि चाचणीला तेच उत्तम, कारण मोनो आवाज दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये उभा राहिला पाहिजे. आमचा डावीकडे सरकलेला होता. लीडच्या डाव्या-उजव्या तारा अदलाबदल केल्या तरी डावीकडेच राहिला, म्हणजे दोष अ‍ॅम्प्लिफायरमध्ये, फोनमध्ये नाही. बॅलन्सच्या बटणाला आणखी एकदा फवारा दिल्यावर खाँसाहेब मध्यभागी येऊन बसले. बाबांनी तोवर एक शब्दही काढला नव्हता. मग म्हणाले, "तानपुरे दोन आहेत गं. फोनवर एकच वाटायचा."

आता ब्लूटूथ. तार खुर्चीपर्यंत पुरेना आणि बाबांना फोन हातात हवा. काडेपेटीएवढा रिसीव्हर आणला, तो त्या शेपटीला लावला. त्याला वीज स्वतंत्र चार्जरमधून दिली. टीव्हीच्या यूएसबीतून दिली की बारीक शिट्टी येते, वेगळा चार्जर लावला की जाते. दुकानात कोडेकची, म्हणजे ब्लूटूथवरून पाठवायला आवाज आवळायच्या पद्धतींची, बरीच नावं ऐकवतात. साधं एसबीसी साधारण ३२८ केबीपीएसपर्यंत जातं, एलडॅक ९९० पर्यंत. कागदावर फरक मोठा आहे. या स्पीकरवर, साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या मैफिलींच्या रेकॉर्डिंगवर, मला तो ऐकू आला नाही. बाबांनाही नाही, आणि बाबांचा कान माझ्यापेक्षा तयार आहे. मूळ अपलोड कुणी कशावरून केलाय, याने मात्र जमीन-अस्मानाचा फरक पडतो. तेव्हा रिसीव्हरवर जास्तीचे पैसे घालू नका. ते कंडेन्सरवर घाला.

घरातल्या जुन्या जाड भिंतींमधून ब्लूटूथ पलीकडच्या खोलीत पोचत नाही, हे एका अर्थी बरंच आहे. बरं नाही ते दुसरंच. दरबारीच्या विलंबितात, समेच्या अगदी अलीकडे, 'टिंग' करून सोसायटीच्या ग्रुपवरचा सुप्रभात दोन्ही स्पीकरांतून येतो. सगळे नोटिफिकेशन बंद करणं बाबांना पटेना. शेवटी माझा जुना, सिम नसलेला फोन फक्त वाय-फायवर ठेवून गाण्यासाठी देऊन टाकला.

टीव्हीने जरा दमवलं. हेडफोनच्या भोकातून तार आणली की घरघर सुरू, पण ही वेगळ्या जातीची. केबलची जाड तार सेट-टॉप बॉक्समधून ओढली की बंद, लावली की चालू. केबलवाल्याची तार बाहेर कुठेतरी जमिनीला टेकलेली असते आणि आमचा सेट घरातल्या अर्थिंगशी कुठून तरी बांधलेला. दोन अर्थिंगमधल्या फरकाने जाळीतून प्रवाह वाहतो, यालाच ग्राउंड लूप म्हणतात. लॅपटॉपचंही असंच. चार्जर काढून बॅटरीवर चालवला आणि घरघर थांबली, तर दोष अ‍ॅम्प्लिफायरचा नाही. यावर छोट्या ट्रान्सफॉर्मरचा आयसोलेटर मिळतो, पण स्वस्तातला खर्ज खातो. टीव्हीला ऑप्टिकल आउटपुट होतं, म्हणून मी तो मार्ग धरला. त्या तारेतून वीज जातच नाही, उजेड जातो, त्यामुळे लूप जुळायला धातूच उरत नाही. पलीकडे छोटा डॅक. टीव्हीच्या मेनूत डिजिटल आउटपुट पीसीएमवर, म्हणजे साध्या न आवळलेल्या डिजिटल आवाजावर, आणावं लागतं. ते डॉल्बीवर असेल तर साधा डॅक गप्प बसतो आणि माणूस तारा तपासत बसतो. टीव्हीला ब्लूटूथही चाललं असतं, पण त्यात ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. बातम्यांना चालेल, नाटकाला नाही.

डॅक दोन व्होल्ट देतो आणि आमच्या टेप इनपुटला त्याच्या पावसुद्धा पुरे. बटण जरा हललं की घर दणाणायचं. डॅक आणि शेपटी यांच्या मध्ये प्रत्येक बाजूला ४७ किलोओहमचा रेझिस्टर ओळीत आणि १० किलोओहमचा ग्राउंडला, एवढं एका प्लास्टिकच्या डबीत बसवलं. दोन व्होल्टचे साधारण एकतृतीयांश व्होल्ट झाले आणि बटणाला पुन्हा पूर्ण फेरा मिळाला. टीव्ही आणि ब्लूटूथ यांच्यात निवड करायला खटक्याची सिलेक्टर डबी आहे. दोन यंत्रांचे आउटपुट वाय-लीडने, म्हणजे दोन तारांची एक करणाऱ्या लीडने, एकत्र करू नयेत, ती एकमेकांच्या आउटपुटवर भार टाकतात.

हे सगळं ऐकून नारायण बागेतली आत्या मागे लागली आहे. "अगं, माझ्या लाकडी रेडिओलाही तसंच करून दे. मागे पिकअपची दोन भोकं आहेत, मी बघितली." भोकं आहेतही. पण तो वाल्वचा रेडिओ आहे, आणि त्या काळचे एसी-डीसी जातीचे सेट ट्रान्सफॉर्मरशिवाय असत. त्यांचं चासी, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, थेट मेनच्या एका तारेला जोडलेलं असतं. प्लग उलटा बसला तर चासीवर २३० व्होल्ट, आणि फोनच्या तारेतून ते सरळ हातात. आत ट्रान्सफॉर्मर निघाला तर काम सोपं आहे. सेट मोनो असल्याने डावी-उजवी तार एकत्र पिळायची नाही, प्रत्येकीत एक किलोओहमचा रेझिस्टर घालून मग जोडायची, एवढंच. पण तोवर आत्याला सांगून ठेवलंय की काकांनी मागचा पुठ्ठा उघडून पाहिल्याशिवाय त्या भोकांत काहीही घालायचं नाही. आत्या म्हणते, काकांना रविवारीच बोलाव, पोह्यांना.